पाणी न भरलेलं पिंप

मी एक जुनं वेल्डिंग मशीन आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. अंगावरचा हिरवा रंग उडालाय, एक चाकही गेलंय, हे मलाही ठाऊक आहे. पण आज जे सांगणार आहे ते आठवलं की माझ्यासारख्या लोखंडाच्या ठोकळ्यालाही अजून धडकी भरते.

१९६४ साली मी भाईंदरला, मोरवा गावाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आलं. तिथे मुलांना वेल्डिंग शिकवत. शिकवणारे महिपत सर मूळचे रत्नागिरीचे. मुलांनी काय बनवायचं हे ते पुस्तकातून कधीच ठरवत नसत. म्हणत, "घरी आईचं कशावाचून अडलंय ते विचारून या. तेच आपण बनवायचं." मग कुणी चुलीवर ठेवायला तिवई करी, कुणी मासळी टांगायचे आकडे. मुलांचे जोडाचे टाके इतके वेडेवाकडे पडत की मला हसू येई. सर मात्र कधी हसले नाहीत. पहिला टाका ते स्वतः घालून दाखवत आणि मगच सळई धरायचा होल्डर मुलाच्या हाती देत.

१९७२चा मे महिना होता. उत्तनचा डॉमनिक म्हणाला, "सर, आईला पान्याचं पिंप पायजे. दोन कड्या आन् खाली नळ."

सरांना कल्पना फार आवडली. भंगारवाल्याकडून पिंप आलं. त्यात पूर्वी रंग पातळ करायचं थिनर होतं. अशा पिंपावर वेल्डिंग करायचं तर आधी ते धुवायचं आणि पाण्याने भरायचं, कारण रिकामं दिसलं तरी आत पेटणारी वाफ दडून बसते. हे सरांनीच आठ वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं.

पण त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या.

डॉमनिकने विचारलं, "सर, खाडीचं पानी भरू?"

"नको रे, खाऱ्या पाण्याने गंजेल."

"मंग घरून आनू?"

"तुझी आई दोन हंड्यांसाठी सकाळभर रांगेत उभी असते. तिच्याकडे कुठल्या तोंडाने मागू? पुसलंय, दोन दिवस उन्हात ठेवलंय. आता रिकामंच आहे ते."

मी थक्क झालं. हे सर बोलतायत? माझे महिपत सर? मला ओरडायचं होतं, पण मित्रांनो, बटण दाबल्याशिवाय माझ्या तोंडून चकार शब्द निघत नाही. आणि बटण दाबलं की मला फक्त ठिणगी देता येते.

"मागे हो, पहिला टाका माझा," असं म्हणत सरांनी डॉमनिकला माझ्या आडोशाला उभं केलं, बटण दाबलं आणि सळई पिंपाला टेकवली.

केवढा तो आवाज! पिंपाचं झाकण छपराचा पत्रा फाडून गेलं. धूर विरला तेव्हा सर भिंतीपाशी पडले होते. डॉमनिकला साधं खरचटलंही नव्हतं. तो नुसता "सर, सर" करत होता. ठिणगी माझी होती, हे मला आजही सहन होत नाही.

सर वाचले, पण दोन्ही कान कायमचे गेले. पावसाळ्यात ते हाताला पट्ट्या बांधून शेडमध्ये आले, तेव्हा डॉमनिकची आई मॉली त्यांना भेटायला आली. रडत रडत म्हणाली, "मास्तर, पानी मांगलं असतं तर मी न्हाय म्हटलं असतं काय?"

सर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने तेच पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग डॉमनिकने पाटीवर ते लिहून त्यांच्यापुढे धरलं. सरांनी वाचलं आणि पट्ट्या बांधलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

मित्रांनो, मला तेल दिलं नाही, पुसलं नाही तरी चालेल. पण कुणाच्या जिवासाठी काही लागलं, तर ज्याच्याकडे मागायचं त्याला त्रास होईल म्हणून गप्प बसू नका. मागून तरी बघा.