ते ठिपके माझे होते

मित्रांनो, पेणच्या एका कॉलेजात कोपऱ्यातल्या कपाटात राहणारा मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. एके काळी मुलं माझ्यापुढे रांग लावायची. "काय स्वच्छ दिसतंय!" असं कुणी म्हटलं की माझी मान ताठ व्हायची. मग नवी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. इथली दमट हवा तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या भिंगावर बुरशीचे ठिपके पडले, पण पुसतो कोण?

परवा नव्या यंत्राचा बल्ब गेला, म्हणून हफ्साने मला बाहेर काढलं. ती रोह्याची, काटेरी झुडपांचा अभ्यास करणारी. रोह्याजवळ नव्या रस्त्याच्या आड येणारी हेकळ या काटेरी झुडपाची एक जाळी तिला निराळी वाटत होती. तशी दुसरी तिला कुठेच सापडली नव्हती. पण काटे तसेच, पानंही तशीच! अशा सख्ख्या जाती ओळखायच्या तर पान आतून पाहावं लागतं. साध्या हेकळाच्या पानात तिला बारीक स्फटिक सगळीकडे विखुरलेले दिसले होते, काळपट ठिपक्यांसारखे. या पानात ते वेगळ्या जागी निघाले, तर जाळी वाचणार होती. रस्त्याच्या कामावरचा मितेश तिच्या फोनसाठी थांबला होता.

गाजराच्या फोडीत पान धरून तिने ब्लेडने पातळ काप काढला, रंगवला आणि माझ्याखाली ठेवला. माझं भिंग पुसायचं मात्र राहूनच गेलं.

"सर, सगळीकडे ठिपके हायत. साधाच हेकळ हाय," ती हिरमुसून तिच्या सरांना म्हणाली.

अगो बाय, ते ठिपके माझे! ओरडावंसं वाटलं, पण मला कुठलं तोंड?

"मग मितेशला कळव," सर म्हणाले. तिने कळवलं. रात्रभर माझा जीव वरखाली होत राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवायला तिने कांद्याचा पापुद्रा लावला. त्यातही तेच ठिपके! ठिपके पानाचे नव्हतेच, हे तिला कळलं. घाईघाईने तिने माझं भिंग पुसलं आणि कालचा काप पुन्हा लावला. स्फटिक फक्त शिरांच्या कडेला होते. जाळी खरोखरच निराळी होती.

"मितेशदादा, थांबा! ती जाळी तोडू नका!" ती फोनवर ओरडली.

"ताई, तुम्हीच सांगितलंत ना? सकाळीच साफ केली."

हफ्सा स्टुलावर बसून रडली.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, आणि डोळा लावण्याआधी आमची भिंगं पुसा. मी आता लख्ख आहे हो, पण ती जाळी गेली.