नव्वद किलोची सकाळ

मी एक वजनकाटा. काळ्या रबराची पाठ, गोल काच, आत लाल सुई. काचेला तडा गेलाय आणि सुई शून्यावर येत नाही, अर्ध्या किलोवरच थांबते. सध्या मी आप्पासोंच्या सोप्यात उंबऱ्याशेजारी पडून आहे. दारातून गाडी जाऊन तासभर झाला. ती परत येईपर्यंत माझं ऐकून घ्या. मला आज गप्प राहवत नाही.

सांगलीच्या बाजारातून मला माधवनगरच्या एका तालमीत नेलं, तेव्हा मी कोरा करकरीत होतो. दर शनिवारी पोरं माझ्यावर उभी राहायची. सुई पुढे सरकली की वस्ताद पाठीवर थाप मारायचे. मागे आली की पोरगं मान खाली घालून उतरायचं. तिथे मी एवढीच एक गोष्ट शिकलो, सुई चढली की चांगलं.

कृष्णात पैलवानही तेच शिकला. तालमीत बटणाचा नवा काटा आला, तेव्हा त्याने मला मागून घेतलं आणि कराडजवळच्या आपल्या गावी आणलं. घरात बायको रेश्मा आणि धाकटा भाऊ शिवतेज. शिवतेजने चौथीतच शाळा सोडलेली. डोकं तापट, जीव मात्र सगळा दादावर. दादा म्हणेल ते खरं. पुढे कुस्ती सुटली, ऊस आला, ट्रॅक्टर आला आणि मी कॉटखाली गेलो. तिथे किती वर्षं काढली, मोजली नाहीत.

यंदा उसाची तोड चालू असताना कृष्णातला धाप लागायला लागली. आडवं झालं की जीव घुसमटायचा. पायावर सूज आली. कराडच्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं. हृदयाचा जोर कमी पडलाय, म्हणून अंगात पाणी साठलंय, असं डॉक्टर म्हणाले. शिरेतून औषध देऊन त्यांनी ते पाणी काढलं.

घरी सोडायच्या दिवशी नर्सबाईंनी रेश्माला सगळं समजावलं. मीठ कमी, पाणी मापून, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. पहिला महिना लय जपायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता निघून यायचं. शिवतेज तेव्हा खाली गाडी लावत होता. नऊ दिवस धड न झोपलेल्या रेश्माच्या डोक्यात त्यातलं अर्धंच उरलं. बाकीचं कागदावर होतं. कागद फायलीत, फाईल कपाटावर.

मला कॉटखालून काढलं, फडक्याने पुसलं. कृष्णात माझ्यावर उभा राहिला. शहाऐंशी.

शिवतेजचा चेहरा पडला. दवाखान्यात नेलं त्या दिवशी दादा चौऱ्याण्णव होता.

"आठ किलो उतारलास दादा," तो म्हणाला. "पार चिपाड केलं तुझं. थांब, भरून काढतो."

त्याने खडूने दाराच्या चौकटीवर आकडा लिहिला. मग तो कामाला लागला. आळणी भाजी दादाच्या घशाखाली उतरत नाही म्हणून वहिनीच्या नकळत लोणच्याची फोड. पायाचं सूप, त्यात हात न आखडता मीठ. नारळपाणी, ताक. रेश्माने एकदा हटकलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माणूस खाल्ल्याबिगर उभा ऱ्हातोय व्हय?"

तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. पाचव्या दिवशी साडेअठ्ठ्याऐंशी. शिवतेज खुशीत शेजारीपाजारी आकडा सांगून आला. कृष्णातही हसला. भावाने तालमीतल्यासारखी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मला मात्र बरं वाटेना. खुराकाने भरलेला पाय मला ठाऊक आहे. तो बोटांवर जोर देतो, रबराला धरून राहतो. कृष्णातचे पाय भिजलेल्या पोत्यासारखे पडायचे. उतरताना तो भिंत धरायचा. माझ्या कडेचा वळ त्याच्या तळव्यावर तसाच राहायचा. रात्री तो भिंतीला टेकून बसूनच झोपतोय, हेही मी बघत होतो. पण माझ्याकडे एकच सुई. ती ओरडू शकत नाही, फक्त पुढे जाते. आणि ती पुढे गेली की त्या घरात आनंद व्हायचा.

सातव्या सकाळी सुई नव्वदवर गेली. शिवतेजने आकडा मोठा काढला, त्याखाली रेघ ओढली. कृष्णात उतरला आणि तिथेच खाली बसला. ओठ निळे पडलेले.

दवाखान्यातलं मी शिवतेजच्या तोंडूनच ऐकलंय, तो ते पुन्हा पुन्हा सांगतो म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, घरी वजन करत होता का? त्याने मान वर करून सांगितलं, "व्हय साहेब. रोज. चार किलो चढवलं मी."

 डॉक्टरांनी कृष्णातच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून आलाच नाही. मग म्हणाले, "हे सगळं पाणी आहे."

चौथ्या दिवशी कृष्णातला घरी आणलं, ते चादरीत झाकून, चौघांनी उचलून.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर शिवतेजने मला अंगणात लाथ मारली. तडा गेला तो तेव्हाचा. मी त्याला दोष देत नाही. चौकटीवरचे आकडे मात्र त्याने पुसले नाहीत, रेश्मालाही पुसू दिले नाहीत. फाईल कपाटावरून काढली, कागद समोर धरून एकेक अक्षर लावत वाचला. त्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं.

मागच्या पंधरवड्यात शेजारचे आप्पासो त्याच दवाखान्यातून तसंच दुखणं घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवतेज मला बगलेत मारून त्यांच्या दारात उभा. तेव्हापासून रोज येतो. सुईतला अर्धा किलो वजा करतो आणि त्यांच्या चौकटीवर लिहितो.

"माझ्या जावयानंबी एवढी पाळत ठेवली न्हाई रं," आप्पासो म्हणायचे. "चहा तरी घिऊ दे."

"वजन झाल्यावर घ्या."

एकसष्ट. एकसष्ट. काल साडेएकसष्ट. आज सुई पुढे सरकली. साडेत्रेसष्ट. अर्धा वजा, म्हणजे त्रेसष्ट. तीन दिवसांत दोन किलो.

"बघ गड्या," आप्पासो खुलून म्हणाले, "अंगाला लागाय लागलं."

शिवतेजने खडू खाली ठेवला. गुडघ्यावर बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि बघत राहिला.

"आप्पा, चपला घाला," तो म्हणाला. "गाडी काढतो."

"आरं, च्या तरी..."

"येऊन पिऊ."

बाबांनो, तुमच्या घरी असं माणूस दवाखान्यातून आलं, तर माझी सुई चढल्यावर हसू नका. आधी कागद वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या.

चुलीवरचा चहा आटत आलाय. चौकटीवर आजचा आकडा लिहायचा राहिला. मी अर्ध्या किलोवर थांबून आहे, आप्पासोंच्या पायांची वाट बघत.