वटवट्या आढळला नाही

खाडीवरच्या पक्ष्यांची नोंद बाई गेली बावीस वर्षं एकट्यानेच ठेवत होत्या. सोबत कुणी आलं की पावलं वाजतात, पक्षी उडतात, असं त्यांचं म्हणणं. यंदाचा अहवाल सोमवारी छापायला जायचा होता आणि त्यातलं एक वाक्य काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं: 'वटवट्या तीन वर्षांत आढळलेला नाही.'

हा बोटभर पक्षी लव्हाळ्यात दडून राहतो. तो मोजायचा आवाजावरूनच. तो गेला असं एकदा छापलं की तिथला लव्हाळा राखायला कुणाकडे कारण उरणार नव्हतं. पण शून्य म्हणजे शून्य. मनाला वाटलं म्हणून एक लिहिणाऱ्यातल्या बाई नव्हत्या.

शनिवारी शेवटच्या फेरीला निघताना, चार दिवस राहायला आलेली नणंद चपला घालून दारात हजर.

"तोंड बंद ठेवणार असशील तर चल, बेबी."

"दादाबरोबर चाळीस वर्षं काढलीस, मी तासभर जड होते होय?"

ओहोटी लागली होती. खारफुटीची मुळं उघडी पडली होती आणि चिखलात शेकाटे लांब तांबडे पाय उचलत हिंडत होते. बाई लव्हाळ्यापाशी दहा मिनिटं उभ्या राहिल्या. नणंदेने त्यातली कशीबशी चार काढली.

"वहिनी, तुझं घड्याळ केवढं टिकटिकतंय गं."

"माझं घड्याळ मुकं आहे."

"मग हे काय? कान किटले माझे. हा बघ, परत. आणि तिकडे दुसरा."

बाईंनी श्वास रोखला. वारा ऐकू येत होता, शेकाट्यांची हाक येत होती. टिकटिक नव्हती.

"करून दाखव."

नणंदेने जीभ टाळूला लावून आवाज काढला. लय वटवट्याचीच होती.

बाई बांधावर बसल्या. पक्षी कुठेही गेला नव्हता. गेले होते त्यांचे कान, वयाने आधी हरवतात त्या बारीक, चढ्या आवाजांपुरते, आणि तेही इतके हळूच, की त्यांना पत्ताच लागला नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण हसू येत होतं.

"काय झालं गं?"

"बहिरी झालेय मी. बरं झालं."

"त्यात बरं काय?"

"तो आहे इथे. किती आहेत ते मोज. एकच दोनदा धरू नकोस हं."

नणंद बोलायचं पार विसरली. एकेका नव्या पक्ष्यासाठी ती बाईंच्या मनगटावर बोट टेकवी आणि बाई वहीत रेघ ओढत. सात रेघा झाल्या. निरीक्षकाच्या रकान्यात बाईंनी आपल्या नावाखाली नणंदेचं नाव घातलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'मागील तीन शून्ये पक्ष्याची नसून निरीक्षकाच्या कानांची आहेत.'