अकरा नंबर

"अहो, उशीच्या अभ्र्याला कुणी एवढे सांगतं का? आत सोनं भरून देणार आहात?" ताईने अभ्रा खाली ठेवला आणि सरळ चालू लागली. मागून हाक आली, भाव उतरला. धाकटा भाऊ कौतुकाने बघत होता.

"ताई, अजून जमतं हे तुला!"

"वॉर्डात डॉक्टरांशी रोज हेच करते मी."

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत आणि घरी ताई. नातं तेच, फक्त ड्यूटी दुप्पट. भाऊ पंचेचाळिशीला टेकला तरी तिच्यासाठी बाळ्याच होता. तो परदेशातून सुट्टीवर आला होता आणि उद्या सकाळच्या विमानाने परत निघणार होता. शेवटचा दिवस म्हणून ती रजा काढून त्याच्याबरोबर बाजारात आली होती, पण तिचं मन खरेदीत नव्हतंच. तिला त्याला एकच सांगायचं होतं : तिकीट थोडं पुढे ढकल, बाबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत. घरात बोलायची सोय नव्हती. बाबांचं बाकी सगळं थकलं होतं, कान तेवढे तिखट होते.

सकाळपासून शब्द ओठांवर येत होते आणि तिथेच अडत होते. ऑफिसातल्यांना चामड्याची पाकिटं झाली, शेजारणीला मण्यांची माळ झाली, बाळ्या आपला या दुकानातून त्या दुकानात हुंदडतोय. त्याचा उत्साह बघून तिला राग आला आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

चपलांच्या दुकानाशी तो थांबला. "बाबांना घरात घालायला मऊ सपाता घेऊ या. नऊ नंबर दाखवा हो."

"अकरा दाखवा," ताई म्हणाली.

"अगं, नऊच लागतो त्यांना. कॉलेजात मी त्यांचेच बूट घालायचो की."

"आता अकरा लागेल. पाय सुजलेत. आधी घोट्यापर्यंत होती सूज, आता गुडघ्यापर्यंत चढलीय. कधी पांघरूण बाजूला करून बघितलंस?" आता तिला थांबवेना. "बाळ्या, असे पाय मी रोज बघते रे. आठ-दहा दिवस थांब."

दुकानदार खोकं शोधायला म्हणून आत गेला.

धाकटा हातातली सपाता वाकवत राहिला. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "आलो त्याच दिवशी बघितले पाय. ते झोपले होते तेव्हा. म्हणून तर रोज काहीतरी निमित्त काढून बाहेर पडतो. मला नाही बसवत त्या खोलीत, ताई. मी नाही थांबू शकत." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "कळव मला. पण सगळं आटोपल्यावर कळव."

असं म्हणणारे नातेवाईक ताईने वॉर्डात पुष्कळ पाहिले होते. त्यांना तिने पाणी दिलं होतं, पाठीवर हात ठेवला होता, कुणावर कधी चिडली नव्हती. आज मात्र याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं तिला वाटलं, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही राहिलं. "अकराच घे," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी धाकट्याने पलंगाच्या पायथ्याशी बसून बाबांच्या पायांत सपाता चढवल्या. बाबांनी मान उचलून पाहिलं. "अरे वा! वाढत्या अंगाच्या आणल्यास होय?"

तिघंही हसली. धाकट्याचं हसू मधेच तुटलं. तो तोंड धुवायला म्हणून उठला आणि मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

"चिडू नकोस त्याच्यावर," बाबा हळूच ताईला म्हणाले. "पहिल्यापासून भित्रं आहे ते. जाऊ दे त्याला."

ती बाहेरच्या खोलीत आली, तोवर धाकटा तिथे बॅगेशी झटत होता. खरेदीने बॅग तट्ट फुगली होती, चेन लागत नव्हती. ताईने बॅगेवर गुडघा टेकवला, सगळा भार टाकून दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं.

"ओढ आता," ती म्हणाली.