गाढविणीचा जबाब

“कोण मेलं?” हवालदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

“गाढवीण,” कुंभारणीने तिसऱ्यांदा सांगितलं.

हवालदार काही बहिरा नव्हता. चौकीतल्या बाकीच्या दोघा शिपायांना पुन्हा एकदा हसता यावं म्हणून तो विचारत होता, आणि तेही मेले इमानेइतबारे हसत होते. एवढं एकच काम ही माणसं मन लावून करत असावीत, असं कुंभारणीला वाटलं.

“मयताचे नातेवाईक कोण?”

“मीच. लिहा.”

“अगं बाई, गाढवाचा गुन्हा नोंदवला तर उद्या कोंबड्याबकऱ्यांची रांग लागेल इथे. आणि पंचनामा झालाय की तुझा. खड्ड्यात पडून मेलं. जा घरी.”

त्या पंचनाम्याचं नाव काढलं की कुंभारणीचं डोकं फिरायचं. कारण तो तिने डोळ्यांनी होताना पाहिला होता.

झालं होतं ते असं. अकरा वर्षं ती गाढवीण तळ्याकाठची माती वाहत होती. तिला हाकावं लागत नसे. पाठीवर गोणी टाकली की आपली आपण वाटेला लागायची आणि कुंभाराच्या दारात येऊन उभी राहायची. वाट वीटभट्टीला लागून जात होती. त्या सोमवारी भट्टीवाल्याने थापलेल्या ओल्या विटा पहिल्यांदाच थेट वाटेवर वाळत घातल्या. भट्टीची जागा पुरेना, मग गावाची वाट कुणाच्या बापाची, असा साधा हिशेब. गाढविणीला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. ती तिच्या वाटेने गेली.

भट्टीवर मेव्हणा होता. हा भट्टीवाल्याच्या बायकोचा भाऊ. बहिणीकडे आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि मुकादम होऊन बसला. हातात सदान्‌कदा लोखंडी सळई, कारण सळई नसेल तर मजूर आपल्याला ओळखणार नाहीत अशी त्याला भीती. त्याने त्याच सळईने गाढविणीचे मागचे दोन्ही पाय मोडले. पाठीवर दीड मण माती होती, तिला पळताही आलं नाही. मग चौघांना लावून तिला भट्टीमागच्या खड्ड्यात ओढून टाकली.

कुंभारीण मातीची दुसरी खेप डोक्यावर घेऊन मागून आली तेव्हा गाढवीण खड्ड्यात मान वर करून पडली होती. ओरडतही नव्हती. मालकिणीला पाहून उठायला गेली, तेवढंच. कुंभारणीला पुढे कितीतरी दिवस तेच आठवत राहिलं, तिने उठायचा केलेला तो प्रयत्न.

जनावरांचा डॉक्टर आला. भला माणूस होता. पाय चाचपून त्याने कागदावर लिहून दिलं की हे पडण्याने मोडलेले पाय नाहीत, जड वस्तूने मारलेत. तिसऱ्या दिवशी गाढवीण गेली. तिच्यामागे तिचं सात महिन्यांचं शिंगरू राहिलं.

मग हवालदार पंचनाम्याला आला. भट्टीवाल्याच्या छपरात खुर्ची टाकून बसला, दोन वेळा चहा प्यायला, आणि खड्डा कुठे आहे हे बसल्या जागेवरून मान वळवून पाहिलं. भट्टीवाला म्हणाला, “त्यांचं गाढव माझ्या भट्टीकडे फिरकलंच नाही. तिकडून आलं असेल, पडलं असेल.” हवालदाराने ते तसंच उतरवून घेतलं. मजुरांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही जेवायला गेलो होतो. सकाळी नऊ वाजता. डॉक्टरचा कागद कुंभारणीने पुढे केला, तर हवालदाराने त्यावर चहाचा कप ठेवला.

“जाऊ दे आता,” कुंभार घरी म्हणाला. चांगला होता बिचारा, पण चाकावर बसला की जगाचं देणंघेणं नको, असा. “त्याच्याशी वाकडं घेऊन माती आणायची कुठनं?”

“आणि शिंगरू कुठनं नेणार तुम्ही? डोक्यावरनं? वाट तीच. सळई तीच. अन् आता त्याला माहीत झालंय की कोणी काही विचारत नाही.”

कुंभाराने चाक पुन्हा फिरवलं.

चौकीतून हसं करून घेऊन परत येताना कुंभारीण भट्टीवरून आली. दुपार होती, मजूर यावेळी खरोखरच जेवायला गेले होते. मातीच्या खळग्याशेजारी बिघडलेल्या कच्च्या विटांचा ढीग पडला होता. बिघडलेली वीट कोणी फेकत नाही. भिजवायची, तुडवायची, पुन्हा थापायची. पण खळगा तुडुंब भरलेला होता, त्यामुळे ढीग तसाच राहिला होता. वरची वीट तिने उचलली आणि उन्हात धरली.

विटेत खूर उमटला होता.

तिने ढीग उपसला. खुरांच्या चार विटा निघाल्या. एकीवर बुटाचा ठसा, टाचेचा अर्धा तुकडा उडालेला. दोन विटांवर सळईचा मार, सळईचा पीळसुद्धा मोजता यावा इतका स्वच्छ. आणि दोन विटांवर गाढवीण ज्या अंगावर पडली त्या अंगाच्या केसांचे ठसे. आयुष्य मातीत गेलेल्या बाईला हे कुणी समजावून द्यायला नको होतं. ओल्या मातीला जे दाखवाल ते ती धरून ठेवते. हवालदारापेक्षा मातीनेच पंचनामा बरा केला होता.

नऊ विटा टोपलीत घालून भर दुपारी, डोक्यावर घेऊन ती घरी आली.

“चोरल्यास?” कुंभाराने विचारलं.

“हो.”

“कच्च्या आहेत. हवालदाराने तांब्याभर पाणी सांडलं तरी चिखल होईल.”

“म्हणून तर आणल्यात.”

कुंभाराने एकेक वीट हातात घेऊन पाहिली. केसांच्या विटेवर त्याचा हात बराच वेळ थांबला. मग तो उठला, मडकी भाजायचा आवा लावायला घेतला, आणि जिथे तो एरवी सर्वांत मोठे रांजण ठेवी, तिथे मधोमध त्याने त्या नऊ विटा आपल्या हाताने रचल्या. दोन दिवसांनी त्या लाल होऊन, खणखणीत वाजत बाहेर आल्या.

चौकीत कुंभारणीने त्या टेबलावर ओळीने मांडल्या. हवालदाराने वर्दी पाठवून भट्टीवाल्याला आणि मेव्हण्याला बोलावून घेतलं. पुरावा दाखवायला नव्हे, गंमत दाखवायला. भट्टीवाला आला, त्याने विटा पाहिल्या, आणि ठसे बघायच्या आधी त्याची नजर विटेवरच्या त्याच्या चांदणीच्या छापावर गेली. मालकाची नजर ती, आधी माल बघणार.

“ह्या माझ्या विटा आहेत,” तो म्हणाला. “चोरटी आहे ही बाई. तक्रार घ्या माझी.”

चार दिवस ज्याला कागद सापडत नव्हता, त्या हवालदाराला दोन मिनिटांत कागद, कार्बन आणि चालणारं पेन सापडलं. तक्रार झाली. भट्टीवाल्याने झोकात सही ठोकली.

“चोरी कबूल आहे?” हवालदाराने विचारलं.

“आहे,” कुंभारीण म्हणाली. “यांच्याच भट्टीवरनं उचलल्या. यांच्याच आहेत ना पण नक्की? नाहीतर मागून म्हणतील दुसऱ्या कुणाच्या.”

“माझ्याच. छाप दिसत नाही?” भट्टीवाला म्हणाला.

“कधीच्या आहेत?”

“सोमवारच्या. सोमवारी वाटेवर घातलेला घाणा हा.”

“लिहिलं का हवालदारसाहेब? सोमवार लिहा.”

आतल्या खोलीतून फौजदार बाहेर आले. महिन्याभरापूर्वी बदलून आलेले. गाढवांची त्यांना विशेष माया होती अशातला भाग नाही. पण पुढच्या आठवड्यात वरून तपासणी होती आणि अर्धवट कागद दिसला की त्यांचं पोट दुखायचं.

“मुद्देमालाचं वर्णन कुठाय?” त्यांनी विचारलं.

“लिहिलंय साहेब. नऊ विटा.”

“कशा नऊ विटा? एकेकीचं वर्णन लिही.”

हवालदाराने पहिली वीट ओढली. “वीट क्रमांक एक. तिच्यावर...” आणि तो थांबला. त्याने भट्टीवाल्याकडे पाहिलं.

“लिही की,” फौजदार म्हणाले.

“गाढवाच्या खुराचा ठसा,” कुंभारीण शांतपणे म्हणाली. “गावात गाढव फक्त आमच्याकडे आहे. एक मेलं, दुसऱ्याचा खूर अजून लिंबाएवढा आहे.”

पाचव्या विटेला बुटाचा ठसा आला. तेव्हा बाकावर बसलेल्या मेव्हण्याने आपले पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले. फौजदारांनी ते पाहिलं. “बूट काढा,” ते म्हणाले. बूट निघाला. टाचेचा अर्धा तुकडा नव्हता.

भट्टीवाल्याला आता कुठे कळलं की आपण सही कशावर केली. “राहू द्या साहेब,” तो घाईघाईने म्हणाला. “गावातलीच बाई आहे. विटा मी तिला दिल्या समजा. माझी काही तक्रार नाही.”

“मी फुकटचं घेत नाही,” कुंभारीण म्हणाली. “मी चोरल्यात.”

“साहेब, सांगा हिला.”

“मी काय सांगू?” फौजदार म्हणाले. “पंचनाम्यात तुम्ही म्हणता, गाढव भट्टीवर आलंच नाही. इथे तुम्हीच सही करून म्हणता की ह्या तुमच्या भट्टीवरच्या, सोमवारच्या विटा. आता गाढव उडत आलं होतं का?” त्यांनी कुंभारणीकडे हात केला. “तो डॉक्टरचा कागद आणा.”

कुंभारणीने पदराची गाठ सोडली. कागदावर कपाचा गोल डाग होता. फौजदारांनी डागाकडे पाहिलं, मग हवालदाराकडे पाहिलं, आणि दुसरा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

ते लिहायला हवालदाराला तास लागला. मेव्हण्याचं वय, राहणार, सळई, दोन पाय, खड्डा, सगळं त्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. मध्येच त्याचं अक्षर लागेना म्हणून फौजदारांनी एक पान पुन्हा लिहायला लावलं.

“खूश होऊ नकोस,” शेवटी कुंभारणीपुढे शाईची डबी ढकलत तो पुटपुटला. “चोरीचा गुन्हा तुझ्यावरही आहे. कोर्टात उभं राहावं लागेल.”

“राहीन की,” अंगठा उठवत कुंभारीण म्हणाली. “तुम्ही पण या. खड्ड्याचा तो पंचनामा लिहिलात ना, तेवढा आठवणीने घेऊन या.”

मग तिने दोन्ही गुन्ह्यांच्या नकला मागितल्या, आणि त्या हातात पडेपर्यंत ती बाकावरून उठली नाही.