पहिल्या गिअरचा ठक्क

बुधवारी सकाळी नऊ वाजता विजयमालाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. वाशीमच्या दवाखान्यानं दिलेली ही तिसरी तारीख. पहिली अमावास्येला आली म्हणून गेली, दुसरी तिच्या मावसबहिणीला पडलेल्या स्वप्नात गेली. या वेळी ती एका अटीवर तयार झाली होती. एसटी नको, जीप नको, आपल्याच गाडीतून जायचं आणि गाडी मी चालवायची. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण माझ्यावर इतका विश्वास तिनं प्रथमच टाकला होता. म्हणूनच मी घाबरलो होतो.

कारण गाडी वाजत होती.

पहिला टाकून क्लच सोडला की खालून ठक्क. दुसऱ्याला ठक्क. रिव्हर्सला तर कोणी दार ठोठावावं तसं. मी निवृत्त ग्रामसेवक. तक्रार ऐकूच येणार नाही अशी व्यवस्था करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्या अनुभवाच्या जोरावर मी रेडिओ मोठा केला. आठवडाभर भागलं. पण मोतीबिंदूनं कान जात नाहीत.

"अवो," मंगळवारी सकाळी अंगणातून गाडी काढताना ती म्हणाली, "हे काय वाजून राह्यलं?"

"रस्ता."

"रस्त्यावर तर अजून गेलोच नाई."

मग ती जरा हुरूपानंच म्हणाली, "राहू द्या उद्याचं. गाडी नीट झाली का जाऊ. पुढच्या महिन्यात."

परवा तिनं उकळता चहा कपाच्या बाजूला ओतला होता, स्वतःच्या पायावर. ही तारीख गेली तर चौथीला तिच्या तोंडून हो निघणार नाही, हे मला माहीत होतं. गाडी तशीच आसेगावच्या स्टँडजवळ सैफुद्दीनच्या गॅरेजात नेली. विजयमाला सोबत आलीच.

सैफुद्दीनच्या आधी शेजारचा चहावाला भागवत आला.

"गिअरबॉक्स गेला, उकंडराव. माह्या साल्याचा असाच वाजे. अकोल्याले न्या लागला. महिनाभर गाडी तिथंच."

"आयकलं का? महिनाभर," विजयमाला समाधानानं म्हणाली.

सैफुद्दीननं बोनेट उघडलं आणि बाजूला उभा राहिला. "काका, हँडब्रेक वढा. ब्रेक दाबून धरा. आता पहिला टाका अन् क्लच हळूच सोडा. पुरा नका सोडू, मले दुकानात नेसान."

मी सोडला. इंजिन जागेवरच उसळलं. ठक्क. रिव्हर्सला दुसऱ्या अंगाला कलंडलं. ठक्क.

"गिअरबॉक्स चांगला हाय," तो म्हणाला. "इंजिनाखालचं रबर फाटलं. माउंटिंग. मंग गिअर टाकला का इंजिन उडते अन् लोखंडावर आपटते."

मी श्वास सोडला. घाई झाली. सैफुद्दीन गाडीखाली सरकला आणि मूठ भरून बाहेर आला.

"काका, हे काय?"

"कचरा."

विजयमालानं हात पुढं केला. तळहातावर चोळलं, वास घेतला. शेतकऱ्याची लेक, तिला डोळे लागत नाहीत.

"तुरीची टरफलं," ती म्हणाली. "रुपाबाईनं पायलीभर तूर वानोळा म्हून काहून धाडली, ते आता समजलं मले."

आमच्याकडे कापलेली तूर रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मळणी करून देतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण आमच्या शेजारच्या रुपाबाईच्या शेताकडच्या रस्त्यावर वाहनच येत नाही. ती म्हणाली, भाऊ, एक चक्कर मारा. मी तीन दुपारी मारल्या. पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. घरी सांगितलं, पेन्शनरांची बैठक आहे.

"गाडी हाय का मळणीयंत्र?" सैफुद्दीन म्हणाला.

विजयमाला हसली नाही. "म्हंजे आवाज कायचा, हे तुमाले म्हाईत होतं. मले म्हने रस्ता. मंग तो डॉक्टरबी म्हनते, काई होत नाई. त्याचं तरी खरं कसं मानू?"

भागवत चहाचे कप घेऊन परत गेला.

रबर मंगरूळहून यायचं होतं. दोनच्या जीपला आलं नाही. तीनच्या जीपला आलं नाही. मी रस्त्याकडे पाहत होतो, ती आवाजाकडे कान लावून. साडेचारला आलं. सैफुद्दीननं जॅकवर लाकडी फळी ठेवून इंजिन बोटभर उचललं, जुनं रबर काढलं आणि विजयमालाच्या हातात दिलं.

"पाहा काकी. दोन तुकडे."

तिनं ते चाचपलं. मग नवं चाचपलं. "इंजिन खोललं नाई?"

"काहून खोलू? जे खराब होतं तेच काढलं."

"किती येळ लागते?"

"अर्धा-पाऊन घंटा. वाट पाह्यलीत त्यालेच जास्त."

डॉक्टरनं तर वीस मिनिटं सांगितली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी गप्प बसलो.

परत जाताना तिनं रेडिओ बंद करायला लावला आणि माझ्या मुठीवर, गिअरवर, आपला हात ठेवला. पहिला. दुसरा. तिसरा. काही नाही. डॉक्टरचे कागद तिनं रात्रीच पिशवीत भरले.

सकाळी निघालो. वाटेत चाकांखाली कुरकुर झाली.

"कायच्यावरून चालली?"

"हरभरा पसरलाय."

"कोनाचा?"

"म्हाईत नाई."

"मंग सरळ पुढं चाला. मांगं नका घेऊ."

दवाखान्याच्या आवारात गाडी लावताना रिव्हर्स टाकला. आवाज नाही. फक्त माझ्या मुठीवरचा तिचा हात सारखा हलत होता.

"हे काय हालून राह्यलं?" मी विचारलं.

"रस्ता," ती म्हणाली, आणि दार उघडून खाली उतरली.