बयाबाईंचं शिवलेलं लुगडं

बयाबाई पेंढ्याच्या उडवीवरून पडल्या तेव्हा त्यांची सून अनिता कारखान्यात होती. म्हशीसाठी वरच्या पेंढ्या काढायला त्या स्वतःच चढल्या होत्या. असल्या कामाला कुणाला हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पाय सटकला आणि खालच्या दगडी बांधावर पाठ आपटली. तळेगावात ऑपरेशन झालं, मणक्यात सळया बसल्या. डॉक्टरांनी अनिताच्या नवऱ्याला, राजेंद्रला, बाजूला घेऊन सांगितलं की कमरेखाली आता ताकद येणार नाही आणि स्पर्शही कळणार नाही. हात मात्र शाबूत होते. जीभही.

सोमाटणे फाट्यापासून थोडं आत त्यांचं घर. पुढे ओसरी, ओसरीला लागून रस्ता. बयाबाई घरी आल्या तशा त्यांनी चाकाची खुर्ची ओसरीवर लावून घेतली आणि तिथूनच घर चालवायला सुरुवात केली. म्हशीला पाणी दाखवलं का, भाताला ऊन दिलं का, दारावरून कोण गेलं, सगळं त्यांना खुर्चीतून कळायचं. नेसणं नेहमीचंच, नऊवारी लुगडं. राजेंद्रनं त्यांना पलंगावर कुशीवर धरायचं आणि अनितानं नेसवायचं. दोघांची दमछाक व्हायची. बयाबाई पडल्यापडल्या हात मागे नेऊन कासोटा नीट खोचलाय का ते चाचपायच्या आणि सैल लागला की पुन्हा करायला लावायच्या.

जखम अनिताला वासावरून कळली. बयाबाईंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, कारण त्यांना काही दुखतच नव्हतं. माकडहाडापाशी कातडी काळी पडून फाटली होती. तळेगावहून कोमल नावाची नर्स ड्रेसिंगला येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं सोडलेलं लुगडं हातात घेतलं आणि मागे खोचलेल्या भागाचा चुरगळलेला गोळा अनिताला दाखवला.

"हा बघा. झोपल्या की हा बरोबर हाडाखाली येतो. बसल्या की कासोट्याच्या घड्या बुडाखाली. वर घाम. आपल्याला टोचलं की आपण सरकतो, त्यांना टोचलेलं कळत नाही. उद्यापासून सैल गाऊन घाला."

"त्ये झबलं मी घालनार न्हाई," बयाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या.

"मग जखम हाडापर्यंत जाईल, आजी."

राजेंद्रनं बाजारातून फुलाफुलांचा गाऊन आणला. त्यानं आणि अनितानं तो घातला तेव्हा बयाबाईंनी विरोध केला नाही. अंग नुसतं ढिलं सोडलं. मात्र त्या दिवसापासून खुर्ची ओसरीवर गेली नाही. आतल्या खोलीत खिडकीला पडदा लावायला लावला. त्यांची जाऊ चिमाबाई शेजारीच राहायची, रोज दुपारी सुपारी कातरत गप्पा मारायला यायची. ती आली की बयाबाई सांगायला लावायच्या, झोपल्यात म्हणावं. चिमाबाई दोन-चारदा परत गेली, मग यायची थांबली. बयाबाईंचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं.

"आई असं का करती?" राजेंद्र म्हणाला. "घरात कोन बघतंय तिला?"

अनिताला ठाऊक होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी ती तळेगावच्या एमआयडीसीत कामाला लागली, मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायला. तिथला गणवेश पॅन्ट-शर्ट. बयाबाईंनी पहिल्या दिवशी तिला त्या कपड्यांत पाहिलं आणि बोलणंच टाकलं. मग अनिता पॅन्ट-शर्टवर साडी गुंडाळून घरातून निघायची आणि फाट्यावर मैत्रिणीच्या घरी ती उतरवून बस पकडायची. पगार घरात लागू लागला, छप्पर नवं झालं, तेव्हा साडी आपोआप सुटली. तरी ती दारातून बाहेर पडताना बयाबाई अजूनही मान वळवायच्या.

त्यामुळे गाऊनमधल्या सासूला पाहून अनिताला सुरुवातीला थोडं बरं वाटलं होतं. ते फार टिकलं नाही. त्या बाईनं खिडकीला पडदा लावून घेतल्यावर तर अजिबातच नाही.

कारखान्यात मशीनवर बसलेली असताना तिच्या डोक्यात विचार आला. कव्हरची शिवण बसणाऱ्याच्या अंगाखाली येऊ द्यायची नाही, ती कडेला न्यायची, हे तिथं पहिल्या आठवड्यातच शिकवतात. जे मोटारीच्या सीटला चालतं ते लुगड्याला का चालू नये?

रविवारी तिनं ट्रंकेतलं धुऊन धुऊन मऊ झालेलं एक लुगडं काढलं आणि कात्री लावली. कापडाचा आवाज आत ऐकू गेला.

"काय फाडतीस गं?"

"तुमचं लुगडं."

"ते माज्या आईनं दिल्यालं हाय!"

अनिताचा हात थांबला. पण कात्री अर्ध्यावर गेली होती. "मऊ व्हतं म्हून घेतलं," ती म्हणाली. आणि तिनं उरलेलंही कापून टाकलं.

पहिला प्रयत्न फसला. मागे मधोमध शिवण घालून दोन भाग जोडले होते, घालायला सोपं पडावं म्हणून. निऱ्या, पदर लावायच्या आधी मापासाठी ते दुपारभर बयाबाईंच्या अंगावर ठेवलं. संध्याकाळी कोमलनं बघितलं तर बरोबर शिवणीखाली कातडीवर लाल रेघ उठली होती. "हे नको," ती एवढंच म्हणाली. अनितानं सगळं उसवलं. चूक तिला दिसत होती आणि तिचा स्वतःचाच राग आला. रोज जे करायचं नाही म्हणून शिकली, तेच घरी केलं होतं.

दुसऱ्या खेपेला मागचा भाग अखंड ठेवला, रुंद, सपाट, एक सुरकुती नाही. बयाबाईंना कुशीवर वळवायचं, तो अंगाखाली सरकवायचा आणि दोन्ही बाजूंनी पुढे आणून पोटावर सैल बांधायचा. ती गाठ झाकायला पुढे निऱ्या शिवून घातल्या. पोटऱ्यांवर काठ नेहमीसारखा दिसावा म्हणून बाजूचं कापड वळवून टाचलं. लघवीच्या पिशवीची नळी निघायला आतल्या बाजूला फट ठेवली. पदर वेगळा, खांद्यावरून डोक्यावर घेण्याइतका लांब.

कोमलनं मागून हात फिरवून पाहिला. "हे चालेल. पण कपड्यानं जखम भरत नाही, ताई. कूस बदलायचीच. खुर्चीत गादी हवीच. आणि आजी, तुम्ही मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. भात लावलेले हात आहेत, उचलतील."

कोमल गेल्यावर अनितानं आरसा आणला. बयाबाईंनी त्यात निऱ्या पाहिल्या, काठ पाहिला. मग सवयीनं हात मागे गेला.

"कासोटा कुटंय?"

"न्हाई घातला."

"म्हंजे?"

"तोच तर लागतो तुमाला. म्हागनं सपाट ठेवलंय. खुर्चीत बसल्यावर म्हागं कोन बघतंय, आत्या?"

"मला ठावं असतंय ना. बिनकासोट्याची बाई मी कदी दारात बसले न्हाई." त्यांनी आरसा पालथा घातला. "काढ हे. गाऊनच दे. निदान आत तरी पडून ऱ्हाईन."

अनितानं काढायला हात लावला नाही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"मी पयल्यांदा पॅन्ट घालून गेले ना, तवा सगळ्या रस्त्यानं मला वाटायचं, लोक माज्याकडंच बघत्यात. बसमधी खाली मान घालून बसायचे. मग कळलं, कुनीच बघत नव्हतं."

बयाबाई आढ्याकडे पाहत होत्या.

"मी बघत व्हते," त्या म्हणाल्या.

"व्हय. तुमी बघत व्हता."

बाहेर म्हैस ओरडली. बयाबाईंनी पदर ओढून डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "राजाला बोलीव. खुर्चीत ठेव म्हनावं."

त्या ओसरीवर बसल्या. पाठ खुर्चीला घट्ट टेकवून, कुणी मागे जाऊ नये अशा बेतानं खुर्ची भिंतीला लावून. दुपारी चिमाबाई रस्त्यानं जाताना थबकली.

"झोप झाली वाटतं?"

"झाली. ये, बस," बयाबाई म्हणाल्या. चिमाबाईनं ओसरीवर बसून सुपारी काढली.

जखम भरायला पावसाळा आणि वर दिवाळीही गेली. मधे एकदा ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं, पुन्हा मागे गेल्यासारखं झालं. अनितानं अशी आणखी लुगडी शिवली. रात्रपाळी नसेल तेव्हा ती आणि राजेंद्र आळीपाळीनं कूस बदलायला उठायचे. बयाबाई खुर्चीत हातांवर जोर देऊन अंग उचलायच्या, पण कुणी समोर नसताना. लोकांसमोर असं करणं त्यांना लाजिरवाणं वाटायचं. शेवटी जखमेच्या जागी पातळ, चकचकीत कातडी धरली. "ही कातडी पहिल्यासारखी कधीच होणार नाही," कोमलनं बजावलं. "जपायचं."

चिमाबाईच्या नातीचं, चैतालीचं लग्न तळेगावच्या हॉलमध्ये ठरलं. बयाबाईंना जायचंच होतं. अनितानं जांभळ्या इरकलीचं तसंच लुगडं शिवलं, आतून मऊ सुती अस्तर लावून. हॉलमध्ये त्या पुढच्या रांगेच्या टोकाला बसल्या. नाकात नथ, डोक्यावर पदर. लोक येऊन पाया पडत होते, त्या प्रत्येकाची चौकशी करत होत्या. अक्षता लांबल्या. अनिता दोनदा जवळ आली.

"आत्या, अंग उचला."

"लोकं बघत्यात. मग बघू."

तिसऱ्यांदा अनितानं विचारलं नाही. ब्रेक काढला आणि खुर्ची फिरवून सरळ बायकांच्या खोलीकडे नेली. बयाबाई खुर्चीचे हात धरून ओरडत होत्या, "अगं, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडायच्यात! सोड मला!" माणसं वळून बघू लागली. अनिताचे कान तापले, पण ती थांबली नाही. खोलीत गादी होती. दोन बायकांच्या मदतीनं तिनं सासूला कुशीवर निजवलं. बाहेर मंगलाष्टकं चालू झाली. बयाबाईंनी मुठीतल्या अक्षता भिंतीवर फेकल्या आणि डोळे मिटून घेतले.

जेवणं सुरू झाल्यावर म्हाताऱ्या बायका एकेक करून खोलीत आल्या. चैतालीलाही पाया पडायला तिथंच आणलं. कुशीवर असल्यामुळे बयाबाईंची पाठ दाराकडे होती आणि ती आता सगळ्यांना दिसत होती. उर्से गावची कुणी सोयरी वाकून बघू लागली.

"अगं बया, हिला कासोटाच न्हाई! नेसलंय तरी कसं?"

अनिता ताट वाढून आणत होती, ती दारातच थांबली. चिमाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नेसलं न्हाई," बयाबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "शिवलंय. माज्या सुनंनं. म्हागं गोळा आला की मला जखम व्हती, म्हून." मग जरा थांबून, "हात लावून बघ की. शिवन घावती का बघ."

सोयरीनं हात लावून पाहिलं. मग दुसरीनं. दुसरीची आई घरी अंथरुणाला खिळलेली होती. तिनं तिथंच अनिताला विचारलं, आईसाठीही असं शिवून देशील का, कापड कुठलं आणू. अनिता उभ्याउभ्या ताट हातात धरून सांगत राहिली, भाजी निवून गेली.

घरी आल्यावर अनितानं आधी पाठ बघितली. नव्या कातडीच्या कडेला लाली होती. बोटानं दाबली तर विरली, सोडल्यावर पुन्हा आली, सकाळपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी कोमल बोलायची ती बोललीच, आणि दोन दिवस खुर्ची बंद केली. बयाबाईंनी निमूट ऐकून घेतलं. अक्षतांवरून मात्र त्या आठवडाभर अनिताशी धड बोलल्या नाहीत.

आठवडा संपला त्या सकाळी अनिता गणवेश घालून डबा भरत होती. बयाबाईंनी हाक मारली.

"ते जांभळं आन जरा."

तिनं आणलं. त्यांनी ते मांडीवर पसरून निऱ्या बोटांनी मोजल्यासारख्या चाळवल्या.

"निऱ्या लय बारीक झाल्यात. त्या लग्नातल्या बाईच्या आईला असं देऊ नगंस, नावं ठेवतील. रुंद घाल."

"बरं," अनिता म्हणाली आणि बस पकडायला निघाली.